शनिवारचा पोरापोरींचा गट, हर्णै बाजू: दीड वर्ष लेक जातेय, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, चार स्टार. पाचवा का कापला ते खाली लिहिलंय, तेवढं वाचल्याशिवाय जाऊ नका, मला खरं तर त्यासाठीच हे लिहायचं होतं.

आमच्या दापोली तालुक्यातल्या हर्णैच्या बाजूला, बंदरापासून चालत वीसेक मिनिटांवर एका वाडीच्या समाजमंदिरात दर शनिवारी दुपारी तीन ते सहा हा गट भरतो. तेरा ते अठरा वयाची पोरंपोरी, त्यांना शरीराचं, आरोग्याचं नीट कळावं आणि कमी वयातलं लग्न, गरोदरपण टळावं म्हणून. दोन ताई चालवतात, आमच्या आशाताई, म्हणजे गावच्या आशा आरोग्यसेविका, मदतीला असतात आणि अलीकडे एक दादा पण यायला लागलेत. फी नाही, चहाबिस्किटाला महिन्याला वीस रुपये, ते नसले तर कोणी मागत नाही. गटाचं नाव आणि वाडी मुद्दाम लिहीत नाही, गाव लहान आहे, कोणाची पोर कुठे जाते त्यावर लगेच चर्चा होते, ज्यांना पाठवायचंय त्यांना आशाताईला विचारलं की कळेलच.

मी स्वतः सुकी मच्छी विकते, नवरा बोटीवर असतो, लेक दहावीला आणि पोरगा सतरा वर्षांचा. म्हणजे मी काय शिक्षणातली जाणकार बाई नाही, एक आई म्हणून जे बघितलं ते लिहितेय.

मी पाठवलं का, तर त्याला कारण २०२० साल. शाळा बंद, घरात मोबाईल एकच आणि तो पण नवऱ्याच्या खिशात, त्यात ३ जूनला निसर्ग वादळ, पत्रे उडाले, नारळी पोफळी आडव्या झाल्या, कित्येकांच्या घरात झोपल्या जागेवरून आभाळ दिसत होतं. त्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका पोरीचं लग्न उरकलं, सोळा पण पूर्ण नव्हती. माणसं कमी बोलवायची त्यामुळे खर्च कमी, स्थळ बरं, आणि नाहीतरी पोर घरी बसून काय करतेय, असं सगळे बोलत होते. मी त्या लग्नात जेवून आले. एक शब्द बोल्ले नाही. सतराव्या वर्षी ती बाळंत झाली, दिवस भरायच्या आधीच बीपी चढलं, झटके आले, इथून दापोली, दापोलीहून रत्नागिरी, गाडीत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. ती वाचली. बाळ दीड किलोचं, महिनाभर पेटीत. आज ती पोर एकवीसची आहे, नववीनंतर शाळा नाही, हाताला काम नाही, आणि मला बघितलं की अजून हसून मावशी म्हणते, ते मला सहन होत नाही.

हे एवढं का लिहिलं तर, कमी वयातलं गरोदरपण म्हटलं की आपल्या लोकांना फक्त लफडं आठवतं. पोरीवर लक्ष ठेवा, मोबाईल काढून घ्या, बाहेर सोडू नका. पण आपल्या देशात अठराच्या आत आई होणाऱ्या बहुतेक पोरी लग्न झालेल्या असतात, आपणच अक्षता टाकलेल्या असतात. गटातल्या ताईंनी आम्हा आयांच्या पहिल्याच बैठकीत सरकारी सर्व्हेचे आकडे फळ्यावर लिहिले होते, २०१९ ते २१ चा कुटुंब आरोग्य सर्व्हे, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये शंभरातल्या जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं, आणि पंधरा ते एकोणीसच्या पोरींमध्ये ७.६ टक्के तेव्हाच आई झालेल्या किंवा गरोदर. मराठवाड्याच्या मानाने आपल्या कोकणात हे बरंच कमी आहे हे खरं, पण माझ्या मांडीवर डोकं होतं ते एकाच पोरीचं होतं, तिला टक्केवारीने काय फरक पडतो.

आता गट कसा आहे ते.

पहिले तीन महिने मला वाटलं काय फालतूपणा आहे. लेक यायची ती घामाघूम, खोखो खेळलो, मग गणित घेतलं, मग चहा प्यायलो. कधी गाण्याच्या भेंड्या, कधी वर्तमानपत्रातली बातमी वाचून वाद घालायचा. मी ताईंना जाऊन विचारलं, अहो तुम्ही तर म्हणालात आरोग्याचं, शरीराचं सगळं शिकवणार, ते कधी. त्या म्हणाल्या, वहिनी, ज्या पोरीला अजून माझ्यासमोर मोठ्याने हसायची लाज वाटते ती मला पाळीबद्दल काय विचारणार, आधी तिला इथे यावंसं वाटू दे. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आता पटतं.

चौथ्या महिन्यात प्रश्नपेटी ठेवली. रिकामा बिस्किटाचा डबा, वर चीर पाडलेली, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची आणि पुढच्या शनिवारी ताई सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून वाचतात आणि उत्तर देतात, कुठलीच चिठ्ठी बाजूला ठेवत नाहीत. आयांना एकदा बसू दिलं होतं, पोरांची परवानगी घेऊन, तेव्हा मी ऐकलंय. पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का. एकाच वेळेला दिवस राहतात का. मिठी मारली तर राहतात का. मुलगा म्हणतोय फोटो पाठव नाहीतर बोलणार नाही, काय करू. माझं लग्न ठरवतायत पण मला नर्स व्हायचंय, कोणाला सांगू. शेवटची चिठ्ठी वाचली तेव्हा समाजमंदिरात पंख्याचा आवाज ऐकू येत होता एवढं शांत झालं.

ताई उत्तर देताना लाजत नाहीत आणि चिडत पण नाहीत, मासे कसे निवडायचे सांगावं तसं सरळ सांगतात. पाळी म्हणजे काय, बीज कधी तयार होतं, दिवस कसे राहतात, निरोध काय करतो, रोजच्या गोळ्या काय करतात, ती बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी म्हणजे काय आणि ती नेहमी नेहमी वापरायची वस्तू का नाही, आशाताईकडे काय काय मिळतं. आणि सोबत हे पण की नाही म्हणणं म्हणजे नाही, आणि हो म्हणायला लावणं म्हणजे हो नाही. पोरांना आणि पोरींना हे काही वेळा वेगळं बसवून सांगतात, काही वेळा एकत्र. मला एकत्रवालं जास्त आवडलं कारण पोरांना पहिल्यांदा कळतं की पोरींना त्यांच्या कुठल्या बोलण्याने भीती वाटते.

मला पण भीती होतीच, सांगितलं तर पोरं करून बघतील. ही भीती माझ्या एकटीची नाही, २००७ साली आपल्या राज्यात शाळांतलं असलं शिक्षण थांबवलं होतं ते याच भीतीने. पण जगभरचे अभ्यास बघून युनेस्कोने जे मार्गदर्शन काढलंय त्यात स्पष्ट आहे की नीट माहिती दिल्याने पोरं लवकर त्या वाटेला जात नाहीत. आणि नुसतं लग्नापर्यंत काही करू नका एवढंच सांगणारे कार्यक्रम अमेरिकेत सरकारने पैसे घालून चालवले, २००७ मध्ये त्याचा मोठा हिशोब लागला तर ज्यांनी ते घेतलं आणि ज्यांनी नाही घेतलं त्यांच्यात काहीच फरक नव्हता. ताईंनी अजून एक सांगितलं ते मी विसरणार नाही. ऑस्ट्रेलियात पोरींना रडणारी बाहुली देत, रात्रभर सांभाळा म्हणजे पोर झाल्यावर काय हाल होतात ते कळेल, तर २०१६ साली छापून आलेल्या अभ्यासात त्या बाहुल्या मिळालेल्या पोरींमध्ये गरोदरपण कमी नाही, उलट जास्त निघालं. घाबरवून होत नाही हे.

आणि आपण कुठल्या मातीतले आहोत ते पण लक्षात ठेवा ना. आमच्यापासून जवळच्याच मुरुडात र. धों. कर्वे १८८२ साली जन्मले, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, आणि त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. नोकरी गेली, कोर्टात खेचलं, दंड झाला, तरी मरेपर्यंत मासिक काढून लोकांना शरीराबद्दल खरं काय ते सांगत राहिले. शंभर वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यातल्या माणसाने जे उघड लिहिलं ते आज आपण आपल्या पोरीला कुजबुजत पण सांगत नाही. मला माझ्या आयेने एकच वाक्य सांगितलेलं, आता जपून राहा. कशापासून जपायचं ते सांगितलंच नाही.

पण खरं सांगू का, मला या गटाचं कौतुक त्या माहितीपेक्षा दुसऱ्या गोष्टीचं आहे. पोरीला पुढे काहीतरी हवंय असं वाटायला लागलं. पोरींना पोस्टात नेऊन खाती उघडायला लावली, फॉर्म स्वतः भरायला लावला, माझ्या लेकीने दोनदा चुकवला आणि तिसऱ्यांदा बरोबर भरला, त्या पासबुकात साडेसातशे रुपये आहेत पण ती ते उशीखाली ठेवून झोपते. आयटीआय बघून आले. दापोलीच्या कृषी विद्यापीठात नेलं, तिथे कोकमावर काम करणाऱ्या एका मॅडमनी पोरींना विचारलं तुमच्याकडे सुक्या मच्छीला वाळू लागू नये म्हणून काय करता, आणि माझी लेक, जी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही, ती उठून रॅकवर कशी सुकवायची आणि त्याला भाव कसा जास्त मिळतो ते सांगत बसली. घरी येऊन म्हणाली आये, त्या मॅडमनी माझं लिहून घेतलं. त्या रात्री ती जेवली नाही नीट, एवढी खूश होती.

ताई म्हणतात की न्यूयॉर्कमध्ये १९८४ पासून डॉ. कॅरेरा नावाच्या माणसाने असाच कार्यक्रम चालवला, अभ्यास, कामाची ओळख, खेळ, कला, डॉक्टर, मन मोकळं करायला माणूस आणि शरीराचं शिक्षण, सगळं एकाच जागी आणि वर्षानुवर्षं. तिथे चिठ्ठी टाकून निवडलेल्या पोरांवर अभ्यास झाला आणि मुलींमधलं गरोदरपण खूपच कमी झालं. मुलांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. पुढे दुसऱ्या गावांत तोच कार्यक्रम नेला तेव्हा सगळीकडे तसं यश आलं असंही नाही. मला हे ऐकून बरं वाटलं, म्हणजे हे लोक स्वतःच्या कामाची नुसती जाहिरात करत नाहीत, कुठे जमलं नाही ते पण सांगतात.

पोरांचं इथेही तेच झालं. माझा पोरगा दोन महिने गेला आणि सोडलं. कारण पोरांसाठी म्हणजे क्रिकेट, आणि क्रिकेट काय तो किनाऱ्यावर पण खेळतो. बोलायला पुरुष माणूस कोणी नव्हतं, ताईंसमोर ही पोरं दगडासारखी बसायची. मी दोनदा तक्रार केली. त्यावर त्यांनी एक दादा आणले, बोटीच्या इंजिनाचं काम करणारे, आणि एक जुनं डिझेल इंजिन समाजमंदिराच्या मागे आणून टाकलं. पोरं इंजिन खोलायला यायला लागली. हात ग्रीसने भरलेले असताना पोरं काय काय बोलतात हे मला दादांनी सांगितलं, म्हणजे कोण बोललं ते नाही, काय बोलतात ते. मोबाईलवर बघितलेलं सगळं खरं वाटतं त्यांना. मुलगी नाही म्हणाली की ती भाव खातेय असं वाटतं. अठरा झालेल्या पोराला हे माहितीच नसतं की सतराच्या मुलीशी तिच्या मर्जीने संबंध आला तरी तो पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली गुन्हा आहे, कायद्याने अठराच्या आतल्या मुलीच्या हो ला अर्थ नाही. दादा पाना फिरवता फिरवता हे सांगतात. माझा पोरगा आता परत जातो. अर्धी मार्कं मी या इंजिनाला देईन.

बापांची बैठक हा प्रकार पण भारी. एरवी आमच्याकडचे बाप समुद्रावर, कोण आठ दिवस कोण दहा दिवस, घरी आले की झोप आणि जाळी. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सगळे घरात. ताईंनी बरोबर ते दोन महिने पकडले. पावसात, समाजमंदिराच्या पत्र्यावर एवढा आवाज की ओरडून बोलावं लागत होतं, पंचवीस एक बाप जाळी घेऊनच आले, विणता विणता ऐकत होते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की एकोणीसच्या आतल्या आईला झटक्यांचा आणि बाळंतपणानंतरच्या इन्फेक्शनचा धोका विशीतल्या बाईपेक्षा जास्त असतो, बाळ कमी वजनाचं आणि दिवसांआधीचं होण्याचा पण. देशात या वयाच्या दहा पोरींपैकी जवळपास सहा जणींच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून ती आठवड्याची निळी गोळी शाळेत देतात, आणि तुम्ही ती पोरीला खिडकीतून टाकू देता. माझ्या नवऱ्याने घरी येऊन एकच विचारलं, ती त्या वर्षीची पोर, तिला झटके यामुळेच आले होते काय. मी हो म्हटलं. तो बराच वेळ ओटीवर बसून होता.

कायद्याची एक संध्याकाळ झाली, दापोलीच्या एक वकीलबाई आल्या होत्या. मुलगी अठरा, मुलगा एकवीस, हे सगळ्यांना माहिती असतं पण पुढचं नसतं. २००६ च्या कायद्यात बालविवाह लावणारा, ठरवणारा, हजर राहणारा सगळेच सापडू शकतात, दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ग्रामसेवक हा गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ ला फोन केला की फुकट लागतो आणि पोर स्वतः पण करू शकते. लग्न झालेलं असलं तरी पोर सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागू शकते. आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बायको अठराच्या आतली असेल तर नवऱ्याने ठेवलेला संबंध पण बलात्कारच. हे ऐकल्यावर आयांमध्ये जी कुजबुज झाली ती अजून कानात आहे.

एका आईने मागून विचारलं, आणि राहिलेच दिवस तर. वकीलबाई म्हणाल्या, तर पोरीला मारू नका आणि एक आठवडा पण फुकट घालवू नका. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होतो, अठराच्या आतल्या पोरीसाठी २०२१ च्या दुरुस्तीनंतर चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, पालकाची लेखी संमती लागते, आणि तो सरकारमान्य ठिकाणीच करायचा. पोलिसात नाव जाईल म्हणून लोक भलत्या ठिकाणी नेतात, पण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पोरीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव, ओळख द्यायची गरज नाही. हे प्रत्येक आईला पाठ पाहिजे असं मला वाटतं.

आता सरकारी दवाखान्याबद्दल, कारण गटातून पोरींना तिकडे पाठवतात. २०१४ पासून केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात दहा ते एकोणीस वयासाठी वेगळी ओपीडी असते, आपल्याकडे तिला मैत्री क्लिनिक म्हणतात. कल्पना शंभर टक्के चांगली. पण आमचा अनुभव, कुठलं ते लिहीत नाही, असा की माझी लेक अंगावरून पांढरं जात होतं म्हणून गेली तर केसपेपरच्या खिडकीवर सगळ्या रांगेसमोर विचारलं काय होतंय, लग्न झालंय काय. पोर तशीच मागे फिरली. त्यानंतर ताई स्वतः जाऊन बोलल्या, आणि आता गटातली पोर असली की आशाताई आधी फोन करतात, सरळ आत घेतात. आत बसलेल्या समुपदेशक बाई मात्र फार चांगल्या, अर्धा तास बोलल्या, साधं इन्फेक्शन होतं, आठ दिवसांत बरं झालं. म्हणजे आतल्याला चार स्टार आणि खिडकीला शून्य. पण पोर पहिल्यांदा खिडकीवरच जाते ना.

तक्रारी. समाजमंदिराच्या संडासाला कडी नाही, पोरींच्या गटासाठी हे चालणार नाही, मी तीनदा सांगितलंय. दुसरं, आठवड्यातून एकदाच. आपल्याच राज्यात मराठवाड्यात पाचोडला एका संस्थेने पोरींसाठी वर्षभर सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एक तास वर्ग चालवले, गावातल्याच बायका शिकवायच्या, आणि तिथे पोरींचं लग्नाचं मधलं वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष म्हणजे काय, असं कोणी म्हणेल. एक वर्ष म्हणजे दहावी होते बाई. रोज नाही तर निदान आठवड्यातून दोनदा तरी करा.

आणि आता तो कापलेला स्टार.

गट मे महिन्यात बंद असतो. एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत. कारण काय तर शाळेला सुट्टी, ताई आपल्या गावी जातात, समाजमंदिर लग्नांना भाड्याने जातं. शेवटचं कारण परत वाचा. ज्या जागेत वर्षभर पोरींना सांगतो की अठराच्या आत लग्न नको, तीच जागा मे महिन्यात मंडप घालून भाड्याने जाते आणि गट बाहेर. आणि आपल्याकडे स्थळं कधी येतात, तर याच दिवसात. चाकरमानी मुंबईहून येतात, अक्षय्य तृतीया याच दिवसात, आंब्याचा पैसा हातात असतो, सगळे नातेवाईक एकत्र, कोणीतरी सहज म्हणतं हिचं पण बघून टाकू. सुपारी मे मध्ये फुटते. शाळा नाही, बाई नाहीत, गट नाही, पोरीला कोणाला सांगावं तर जवळ कोणीच नाही. शिमग्याला आणि गणपतीत पण गटाला दोन दोन आठवडे सुट्टी, म्हणजे जेव्हा जेव्हा गाव भरतं तेव्हा तेव्हा गट रिकामा.

गेल्या मे मध्ये गटातल्या एका पोरीचं असंच ठरत आलं होतं. अकरावीला जाणार होती. तिने माझ्या लेकीला मेसेज केला, लेकीने मला दाखवला, मी आशाताईला फोन लावला, आशाताई आणि ग्रामसेवक त्या घरी गेले, भांडण नाही, आरडाओरडा नाही, चहा घेतला आणि कायदा सांगितला, थांबलं. पोर आता अकरावीला आहे. पण विचार करा, तिच्याकडे माझ्या लेकीचा नंबर नसता तर. आणि मी २०२० सारखी गप्प बसले असते तर. एवढी मोठी गोष्ट दोन पोरींच्या मोबाईलमधल्या बॅलन्सवर सोडायची का.

मी ताईंना हे सगळं तोंडावर सांगितलंय, त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या वहिनी बरोबर आहे, पण मे मध्ये जागा नाही आणि आम्हाला त्या दोन महिन्यांचं मानधन पण नाही. मानधनाचं मी काय करू शकत नाही, पण ग्रामपंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत विषय घालणार आहे, आम्ही अकरा जणींनी सह्या केल्यात, त्यात त्या एकवीस वर्षांच्या पोरीची पण सही आहे, तिने स्वतः मागून घेतली.

कोणाला पाठवावं विचाराल तर सातवी आठवीपासूनच पाठवा, दहावीची वाट बघू नका. पोरगा असेल तर पोरगा पण पाठवा, दादांचं नाव सांगा आणि इंजिन आहे म्हणावं. पहिल्या तीन महिन्यात काय शिकलीस म्हणून डोकं खाऊ नका. प्रश्नपेटीत काय टाकलंस ते तर कधीच विचारू नका.

जागेचं म्हणाल तर आमची पडवी आहे. दोन पंखे आहेत, विहिरीचं पाणी आहे, संडासाला आतून कडी आहे, वीस पोरी आरामात बसतात, मच्छीचा वास येईल पण आमच्या पोरींना त्याचं काय. मे च्या चारही शनिवारी द्यायला मी तयार आहे असं ताईंना सांगितलंय आणि आशाताई यायला तयार झाल्यात, ताईंचा निरोप यायचाय. आला की हा रिव्ह्यू बदलून पाच करीन.